पंचवीस भाकरींची वाट

अंगदने बंगला बांधला, त्याला गुलाबी रंग दिला आणि फाटकाच्या खांबावर काळ्या दगडात सोनेरी अक्षरं कोरून घेतली : 'आईची पुण्याई'. जिची ही पुण्याई, त्या लंकाबाईला मात्र फाटकाबाहेर पाय टाकायला मनाई होती.

कुलूपबिलूप काही नव्हतं. फाटक उघडलं की समोर थेट हायवे होता, एवढंच. मिरजगावातलं जुनं घर, गिरणी, मारुतीचं देऊळ आणि कौसाबाईचा ओटा हे सगळं तिथून दीड किलोमीटर. पण ते दीड किलोमीटर चाकांसाठी केलेलं होतं. डांबर संपलं की पांढरा पट्टा, पट्टा संपला की खडी, खडी संपली की कमरेइतका खोल चर. माणसाने चालायचं कुठून, हा प्रश्न रस्ता आखणाऱ्याला पडलाच नसावा. बहुधा तो स्वतः कधी पायी कुठे गेला नसावा.

राहायला आल्यावर आठवड्याच्या आत लंकाबाई लोणच्याची बरणी घेऊन कौसाबाईकडे निघाली. मागून उसाचे दोन ट्रेलर ओढत, गाणी लावून एक ट्रॅक्टर आला. त्याने हॉर्न दिला आणि बाई बरणीसकट चरात. कोपर सोलवटलं. लोणचं गेलं, त्याचं दुःख जास्त. संध्याकाळी अंगद कमरेवर हात ठेवून पुढ्यात उभा राहिला.

"आये, तुला काय लागंल ते फोनवर सांग, मी आनून देतो. पर हायवेला पाय ठिवायचा न्हाई. माझ्या गळ्याची आन हाय तुला."

लेकाच्या गळ्याची आण म्हटल्यावर आई काय बोलणार? तेव्हापासून सगळं घरी यायला लागलं. दूध घरी, दळण घरी, गोळ्या घरी, भाजीचा टेम्पो फाटकाशी. माणूस तेवढं कोणी येईना.

आता ही बाई कोण ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

लंकाबाईने बावीस हंगाम ऊस तोडला. दिवाळी सरली की ती आणि नवरा श्रीमंत, दोघं टोळीबरोबर कारखान्याकडे निघत. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या वीतभर फळीवरून ती अशी चढायची की खाली उभ्या बायका श्वास धरून बघायच्या. अंगद पोटात असतानाही चढली. पाच महिने तिकडे, सात महिने गावातल्या कोरडवाहू तीन एकरांत. श्रीमंत जाऊन आठ वर्षं झाली. अंगद आधी दुसऱ्याच्या जेसीबीवर ड्रायव्हर होता, आता त्याचे स्वतःचे दोन आहेत. तालुक्यातले निम्मे रस्ते मीच केले असं तो सांगतो. उकरले, एवढं खरं आहे.

तर अशा या बाईने उभ्या आयुष्यात 'चालायला' म्हणून कधी घर सोडलं नव्हतं. ती दळायला जायची, सरपणाला जायची, बाजाराला जायची. जाताना पाय चालायचे, ते कोण मोजत बसतं? जुन्या घरी असताना सकाळी गिरणी, येताना कौसाबाई, मग गिरणीत विसरलेलं फडकं आणायला पुन्हा गिरणी, म्हणजे पुन्हा कौसाबाई. कोणाची म्हैस व्याली, कोणाची सून रुसली, की लंकाबाई हजर. आळीत पंधरा दारं होती आणि प्रत्येक दारात तिचं काहीतरी काम होतं. नसलं तर ती काढायची.

बंगल्यात सोळा महिने बसून काढले आणि एकसष्ट किलोची बाई चौऱ्याहत्तरची झाली. सून ज्योती बाजारपेठेत शिवणकामाचं दुकान चालवते. तिने सासूच्या पोलक्यांच्या शिवणी दोनदा उसवून सैल केल्या. तिसऱ्यांदा पोलकं उलटंपालटं करून म्हणाली, "आत्या, आता शिवनीत कापडच उरलं न्हाई."

तेही चाललं असतं. या वयात कोणाला कंबर दाखवायची आहे? पण मढी होती.

पाथर्डी तालुक्यात मढीला डोंगरावर कानिफनाथांचं ठाणं आहे. होळीपासून यात्रा भरते, खाली गाढवांचा मोठा बाजार, वर नाथ, आणि मधे पायऱ्या. अंगदच्या आधी लंकाबाईची दोन लेकरं गेली होती. तिसऱ्या खेपेला तिने नाथांना बजावलं होतं, "हे पोर जगव. पाय हायेत तवर दरसाल माझ्या पायानं तुझ्या पायऱ्या चढीन." नाथांनी आपली बाजू पाळली. इतकी पाळली की अंगद आज एकशे चार किलोचा आहे. लंकाबाईनेही चाळीस वर्षं आपली बाजू पाळली. गेल्या साली मात्र अर्ध्याच्याही आत गुडघ्यांनी नकार दिला. ती पायरीवर बसली आणि नारळ दुसऱ्याच्या हाती वर धाडला.

अंगद तेव्हा गडबडून म्हणाला होता, "आये, डोली करू का?"

"देवाला डोलीत बसून जायाला मी काय नवी नवरी हाय?"

"मग खालच्या बाजारातलं एखादं गाढव घेऊ बसायला."

"कशाला? एक घरचं आनलंय की मी!"

चेष्टा चेष्टेच्या जागी. पण परतताना गाडीत तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. एक साल चुकलं. दुसरंही चुकलं तर? बोल तिने दिला होता, पण त्या बोलात जीव अंगदचा अडकलेला होता. ही गोष्ट ती कोणाला सांगू शकत नव्हती. सांगितली असती तर शिकलेल्यांनी समजूत घातली असती, आणि तिला समजूत नको होती, पायऱ्या हव्या होत्या.

संक्रांत झाली तशी ती आपणहून म्हणाली, "मला दवाखान्यात ने." गावातल्या डॉक्टर राजेश्वरी तरुण आहेत, स्वभावाने गोड. त्यांनी गुडघे दाबून पाहिले, वजन केलं.

"आजी, गुडघे तसे ठीक आहेत तुमचे. त्यांच्यावरचं ओझं ठीक नाही. रोज चालायला पाहिजे."

"कुठं?"

"कुठं म्हणजे?"

"चालाया पायजे म्हनलात न्हवं? मग कुठं जाऊ?"

"कुठं जायचं नाही हो. नुसतं चालायचं. पाऊण तास."

लंकाबाईला त्या पोरीची कीव आली. एवढी शिकली आणि हे एवढं कळत नाही. "बाई, कामाबिगर रस्त्यानं हिंडनारीला आमच्यात काय म्हनत्यात, ठावं हाय का?"

डॉक्टरांना ठाऊक नव्हतं, आणि ते कळायच्या आत अंगद घाईने मधे पडला. "गच्चीवर फेऱ्या मारल्या तर?"

गच्चीवर काळी पाण्याची टाकी होती. तिच्याभोवती लंकाबाईने तीन दिवस फेऱ्या घातल्या. चौथ्या दिवशी चक्कर आली तेव्हा ती खाली उतरली आणि ज्योतीसमोर बसकण मारून म्हणाली, "घान्याच्या बैलाला बी डोळ्यावर झापड बांधत्यात. का? तर आपन कुठंच जात न्हाई हे त्याला कळू नये म्हनून. मला तर समदं दिसतंय!"

यावर अंगदने जे केलं ते आजकालची सगळीच मुलं करतात. त्याने यंत्र आणलं. नगरहून काळ्या पट्ट्याचं, पावलं मोजणारं घड्याळ आणून आईच्या मनगटावर बांधलं आणि आपल्या मोबाईलला जोडलं.

"आये, रोज सहा हजार पावलं. आजपासून होळीपातुर. मला रोज संध्याकाळी फोनवर दिसनार. एक दिस जरी कमी पडला तरी मढी बंद. गेल्या साली तू पायरीवर बसलीस तवा माझंच काळीज बंद पडायची पाळी आल्ती."

"आनि भरली तर?"

"भरली तर नेतो. तुझ्या पायानं चढ, मी मधी बोलनार न्हाई."

पहिल्या दिवशी स्वयंपाकघर, न्हाणी, तुळस, पुन्हा स्वयंपाकघर असं भोवऱ्यासारखं फिरून आकडा झाला अठराशे. दुसऱ्या दिवशी सतराशे. अंगदने सुरुवातीच्या चार दिवसांची सवलत दिली आणि वर बोट नाचवून बजावलं, पुढे एकही दिवस चुकायचा नाही. लंकाबाईचा चेहरा पडला.

आणि मग तिसऱ्या दिवशी भाकरीने वाचवलं.

बंगल्याच्या मागे पत्र्याच्या शेडखाली लंकाबाईची चूल आहे. गॅसवरची भाकरी तिच्या घशाखाली उतरत नाही. ज्योती साडेनऊला स्कूटीवरून दुकानात गेली की ती काठवट घेऊन बसते. त्या दिवशी पीठ मळलं, चार भाकरी थापल्या, आणि हात धुताना सहज घड्याळाकडे नजर गेली. बसताना दोनशे बारा होते. आता अकराशे नव्वद! तिला अक्षरओळख बेताची, पण आकडे पक्के. बसल्या जागेवरून ती तसूभर हलली नव्हती. तिने हात मांडीवर ठेवून वाट पाहिली. आकडा गप्प. मग एक गोळा घेतला आणि थापायला लागली, थप थप थप थप. आकडा धावत सुटला. हात हलत होता आणि त्या बापड्या यंत्राला वाटत होतं, बाई निघाली गावाला.

लंकाबाई तोंडाला पदर लावून एकटीच डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

पंचवीस भाकरींत सहा हजाराचं काम फत्ते झालं. संध्याकाळी अंगदने मोबाईल पाहिला आणि नाचायचाच बाकी राहिला. "ज्योते, बघ! सहा हजार दोनशे! आये, मी म्हनलं न्हवतं, मनावर घेतलं की व्हतंय?"

"व्हय बाबा, मनावरच हाय समदं," लंकाबाई म्हणाली. ज्योतीने तिच्याकडे नुसतं पाहिलं.

आता पंचवीस भाकऱ्यांचं करायचं काय? फसवणूक करणाऱ्यांनी याचा विचार आधी करावा, पण कोणी करत नाही. अन्न टाकायचं नाही, हे हाडात मुरलेलं. ठेच्याबरोबर चार स्वतः खाल्ल्या. दोन कुत्र्यांना घातल्या. उरलेल्या वाळवून कुटके केले. दुसऱ्या दिवशी आणखी पंचवीस. कुत्रीसुद्धा तिसऱ्या दिवशी वास घेऊन निघून गेली. पाचव्या दिवशी तिने न्हाणीतल्या वजनकाट्यावर पाय ठेवला तर किलोभर वाढलेलं. पावलं रोज सहा हजार आणि बाई फुगतेय!

शेवटी तिने कौसाबाईला फोन लावला. जुन्या आळीतली शेजारीण, चाळीस वर्षांची भांडणं आणि मैत्री.

"कौसे, अगं भाकऱ्या लई व्हत्यात, कुत्रं बी खाईना."

 पलीकडून कौसाबाई कडाडली, "लंके, माझा उजवा हात मोडलाय, तीन आठवडं झालं! डाव्या हातानं बिस्किटं बुडवून खातीय मी चहात. आनि तू भाकऱ्या कुत्र्याला घालतीस?"

लंकाबाईला हे लागलं. तीन आठवडे. जुन्या घरी असती तर हाड मोडल्याचा आवाज तिने कानाने ऐकला असता. आणि इथे दीड किलोमीटरवर तिला पत्ताच नव्हता.

तिने फोन ठेवला आणि शेडच्या आढ्याकडे पाहिलं. तिथे फडक्यात गुंडाळून कोयता खोचलेला होता. बारा वर्षं कोणी हात लावला नव्हता.

अंगदची आण होती ती हायवेची. बंगल्याच्या मागच्या भिंतीत टँकरची नळी घ्यायला केलेलं लोखंडी दार होतं, आणि दारापलीकडे जुनी पाणंद. पूर्वी बैलगाड्या याच वाटेने शेतांमधून थेट गावाच्या मारुतीपाशी निघायच्या. मोटारसायकली आल्या, हायवे झाला, पाणंद कोणाला लागेना, आणि वेड्या बाभळीने ती पार गिळून टाकली. आण मागच्या दाराची कोणी घातली नव्हती. कायद्यातली पळवाट वकिलांनाच सापडते असं थोडंच आहे?

दगडावर पाणी शिंपडून तिने कोयत्याला धार लावली. घड्याळ मात्र काढून मिठाच्या वाडग्यात ठेवलं. काट्याने काच चरली असती तर अंगदने घर डोक्यावर घेतलं असतं. शिवाय घड्याळाचा दिवसाचा कोटा भाकऱ्यांवर झालेलाच होता.

पहिल्या दिवशी साताठ बाभळी पडल्या आणि बाई धापा टाकत बांधावर बसली. मनगटाला जुनी लय सापडायला वेळ लागला. डाव्या हाताने धर, बुडात घाव, मागे फेक. दुसऱ्या दिवशी लय सापडली. चौथ्या दिवशी एक बाई आणि एक पाटी जाईल एवढी वाट मारुतीच्या मागे निघाली. वाटेत एक बोरीचं झाड होतं, त्याला हात लावला नाही. सावली लागते.

पाचव्या दिवशी डोक्यावर पाटी, पाटीत फडक्यात बांधलेल्या गरम भाकऱ्या, अशी लंकाबाई सोळा महिन्यांनी आपल्या पायाने आळीत शिरली. कौसाबाई ओट्यावर गळ्यात हात बांधून बसली होती. तिने मैत्रिणीला वरून खालपर्यंत पाहिलं.

"अगं बया! लंके, तू हायेस का तुझ्यासारख्या दोघी?"

"दोघी हायेत. एक तुला भाकरी देईल, दुसरी तुझ्या तोंडात मारील. कोन पायजे?"

"आधी भाकरी दे. मार मग खाते."

मग काय, बातमी पसरली. शेजारी बन्सी होता. गिरणीत चाळीस वर्षं दळण दळलेला, बायको गेलेली, दोन्ही पोरं चाकणला कंपनीत. आळीची ही गंमतच आहे आता. तरणी माणसं चाकण-पुण्याला, म्हातारी माणसं ओट्यावर, आणि चुली निम्म्या थंड. एका घराची दोन झाली, दोनाची सात झाली. आणि फुकटच्या भाकरीला नावं ठेवण्यात मिरजगावचा हात कोणी धरणार नाही.

"काल जरा जाड हुती," बन्सी म्हणायचा.

"उद्या कागद आनते, त्यो खा."

"मीठ बी कमी."

"बन्सीभाऊ, बाजरी दळताना चाळीस वर्षं तुमी खडं घातलंत पिठात, आमी काय बोललो का?"

रोजचं ठरलं. दहा ते साडेअकरा थापणं, मग घड्याळ मिठात, पाटी डोक्यावर, पाणंदीने गाव. सात दारं, प्रत्येक दारात एक भांडण. दोन वाजेपर्यंत माघारी. पंधरा दिवसांत बोरीखाली टेकायची गरज उरली नाही. स्वतः तिने दीडच्या वर भाकरी खाल्ली नाही, कारण उरतच नव्हती. बन्सी भाकरी निवते म्हणून काठी टेकत मारुतीपर्यंत सामोरा यायला लागला. कौसाबाईचं प्लॅस्टर निघालं तशी ती बोरीपर्यंत यायची आणि वाट पाहून वैतागायची. सगळे म्हातारे हलायला लागले, आणि यातलं एक पाऊल कुठल्या यंत्रात नव्हतं.

घरी एवढंच झालं की पिठाचा डबा वरचेवर तळ दाखवायला लागला.

"आत्या, पीठ कुठं जातंय?"

"पोटात."

"कुनाच्या?"

"ज्याला भूक त्याच्या. तू दुकानात जा, गिऱ्हाईक खोळंबलं असंल."

ज्योतीने सासूच्या दंडावरचे काट्याचे ओरखडे पाहिले, पोलक्याचा सैलपणा पाहिला, आणि गुपचूप जास्तीचं दळण आणून ठेवलं. सुना म्हणतात तितक्या वाईट नसतात.

होळीच्या दोन दिवस आधी अंगद आईला घेऊन दवाखान्यात गेला. खुर्चीत बसायच्या आतच त्याने मोबाईल डॉक्टरांपुढे सरकवला. "एक दिस चुकला न्हाई, मॅडम. बघा."

डॉक्टरांनी वजन केलं. एकोणसत्तर. त्यांनी भुवया उंचावल्या, कौतुक केलं, आणि मग मोबाईलवर बोट फिरवता फिरवता थांबल्या.

"आजी, ही सगळी पावलं रोज दहा ते साडेअकरात? आणि नंतर दिवसभर शून्य? दुपारी झोपल्यावर माणूस कूस बदलतो तेवढीसुद्धा हालचाल नाही. दहा वाजता तुम्ही नक्की कुठे असता?"

लंकाबाईला देवाशपथ खोटं बोलता आलं असतं. पण नाथांच्या दारात जायला निघालेल्या बाईने ऐन उंबऱ्यावर खोटं कसं बोलावं? घड्याळापुढची लबाडी वेगळी, ते काही माणूस नव्हे.

"चुलीपुढं," ती म्हणाली.

"चालत?"

"बसून. भाकऱ्या थापत."

 मग डॉक्टर राजेश्वरींनी हात थापल्यासारखा हलवून पाहिला आणि टेबलावर डोकं ठेवून हसायला लागल्या. अंगद मात्र लालबुंद झाला.

"चाळीस दिस! चाळीस दिस मी साऱ्या साईटवर सांगत हिंडलो, माझी आई रोज सहा हजार पावलं चालतीया! मढी बंद. आत्ताच सांगतो, बंद!"

"अहो, थांबा," डॉक्टर डोळे पुसत म्हणाल्या. "भाकऱ्या थापून पाच किलो उतरत नाहीत. आजी, हे वजन गेलं कुठे?"

आता आली पंचाईत. पाणंदीचं सांगितलं तर अंगद म्हणणार, साप, काटे, कोयता, या वयात! त्या दारालाही आण घालणार. मग कौसी गेली, बन्सी गेला, पुन्हा सोळा महिने सोफा. आणि नाही सांगितलं तर मढी गेली. एका पारड्यात नाथ आणि दुसऱ्या पारड्यात आळी. लंकाबाई बराच वेळ पदराचं टोक पिळत बसली. मग उठली.

"सांगून तुला पटायचं न्हाई. चल घरी. दावते. पर चपला जुन्या घाल."

घरी आल्यावर ती अंगदला मागच्या दारी घेऊन गेली. दार उघडलं. पाणंदीत पाऊलवाट स्वच्छ पडलेली, दोन्ही कडेला कापलेल्या बाभळीचे ढीग, आणि प्रत्येक बुडख्यावर ऊसतोडीचा तिरपा, एकाच घावाचा काप. अंगदने तो काप ओळखला. लहानपणी उसाच्या फडात पाचटाच्या कोपीच्या दाराशी बसून त्याने तो हजारदा पाहिला होता. त्याने वाकून एका बुडख्यावर अंगठा फिरवला.

"ये की," लंकाबाई म्हणाली आणि निघाली.

तो मागून निघाला. हा गडी फाटकापासून जेसीबीपर्यंतसुद्धा मोटारसायकलवर जातो. बोरीपर्यंत कसाबसा आला आणि झाडाला धरून उभा राहिला.

"आये, जरा... जरा दम खाऊ."

"खा. भाकरी हाय का संगं म्हनावं तर आज ती बी न्हाई."

मारुतीमागे बन्सी काठीवर हनुवटी टेकून उभा होता. त्याने मायलेकरांना पाहिलं आणि तक्रार सुरू केली, "लंकाबाई, दीड वाजला! मानसानं उपाशी मरावं का?" ओट्यावर कौसाबाई बरा झालेला हात नाचवत ओरडली, "आली का म्हारानी! आनि ह्यो कोन संगं, पाटी घ्यायला हमाल आनलास व्हय?" बाकीची म्हातारी माणसंही दारांतून बाहेर आली. अंगदने लहानपणी ज्यांच्या बोरं-पेरूंवर हात मारला होता ती सगळी. रोज दोन जेसीबी घेऊन तो हायवेने याच गावावरून जायचा. यातल्या एकाच्याही दाराशी सोळा महिन्यांत थांबला नव्हता.

परतताना तो बोरीखाली पुन्हा बसला. बसूनच म्हणाला, "आये, उद्या मशीन आनतो. अर्ध्या तासात पंधरा फुटी रस्ता करून देतो तुला. वर मुरूम टाकतो."

"खबरदार!" लंकाबाई अशी ओरडली की बोरीवरचे पोपट उडाले. "पंधरा फुटी केलास की उद्या मोटारसायकली, परवा ट्रॅक्टर, आनि म्या पुन्ना चरात! एका मानसाची हाय, एका मानसाचीच राहू दे. तुला लईच खाज असंल तर मधल्या वगळीत, पानी वाहतंय तितं, दोन चांगलं दगड टाक पाय द्यायला. हातानं. मशीन घरी ठिवायचं."

अंगदने दोन दगड टाकले. हातानेच टाकले, आणि दोन दिवस कंबर धरून हिंडला.

रंगपंचमीची गर्दी टाळून ती दोघं आदल्या दिवशी सकाळी मढीला पोचली. ज्योतीने नारळ, रेवड्या आणि नवीन पोलकं दिलं होतं, एका मापाने लहान. खाली गाढवांचा बाजार गजबजला होता. लंकाबाईने मनगटावरचं घड्याळ सोडून अंगदच्या हातात दिलं. "धर. मला आकडा नको, मला नाथ दिसत्यात." त्याने ते निमूट स्वतःच्या मनगटावर बांधलं. पट्टा शेवटच्या भोकात बसला.

पदर खोचून ती चढायला लागली. गेल्या साली बसली होती ती पायरी आली. लंकाबाईने तिच्यावर पाय ठेवला, थोडा जास्तच जोरात ठेवला, आणि पुढे गेली. गुडघे कुरकुरत होते. पण ते कुरकुरणं कौसाबाईचं होतं, बन्सीचं होतं. बोलत बोलत का होईना, सोबत येणारं.

खालून हाक आली. अंगद एका हाताने कठडा धरून, दुसऱ्याने छाती धरून उभा होता.

"आये! थांब की गं जरा!"

लंकाबाईने मागे वळूनही पाहिलं नाही.

"थांबते की," ती म्हणाली, "वर गेल्यावर."